चवडे

उंची बेताची असली की माणूस चवड्यांवर वाढतो. आमच्या घरी लाडवांचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर असे. पुढे लंगडी, मंगळागौरीच्या फुगड्या, आणि शिक्षिकेची नोकरी लागल्यावर रोज फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख न् सुविचार लिहिणं, सगळं चवडे उंचावूनच. लग्नकार्याला वर उंच टाचांच्या, पुढून निमुळत्या चपला. त्या अंगाचा भार टाचेवरून काढून चवड्यावर ढकलतात, बोटंही आवळून धरतात.

पन्नाशीत चवड्याने कुरकूर सुरू केली. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मुळाशी, चपलेत खडा शिरल्यासारखं. चप्पल काढून झटकावी, तर खडा नाहीच! शेजारणीने कुरूप ठरवलं, एका आप्तांनी युरिक ॲसिड. अस्थितज्ज्ञांनी पंजा दोन्ही बाजूंनी मुठीत आवळला, खालून अंगठा रेटला, तशी कळ थेट बोटांच्या टोकांत गेली. 'मॉर्टन्स न्यूरोमा,' ते म्हणाले. फिलाडेल्फियाच्या थॉमस मॉर्टन यांनी १८७६ साली या दुखण्याचं वर्णन केलं होतं. मला आधी कर्करोगच आठवला. पण तसं काही नसतं. बोटांकडे जाणारी नस दाबली जाऊन तिच्याभोवतीचा भाग जाड होतो, इतकंच.

इलाज म्हणून हातात आली चपलेत चिकटवायची एक इवलीशी गादी. ती दुखऱ्या जागेखाली लावायची नाही. थोडी मागे, टाचेच्या बाजूला. मागून उचल मिळाली की चवड्याची हाडं जरा फाकतात आणि नस मोकळी होते. जोडीला पोटऱ्यांचा ताण, कारण पोटरी आखडली की टाच लवकर उचलते आणि भार पुन्हा पुढेच. इंजेक्शन, शस्त्रक्रिया या नंतरच्या गोष्टी. मला खरा आराम दिला तो रुंद पंजाच्या, जाड तळाच्या बुटांनी. साडीवर ते बावळट दिसतात, दिसोत. कळ अजून अधूनमधून येते, पण हळदीकुंकवाच्या दिवशी ओट्यापाशी तासन् तास उभी राहिले तरच.

माझ्या एका मैत्रिणीला मधुमेह आहे. तिचा चवडा कधीच दुखत नाही. तळव्याला फोड येऊन फुटला, हे तिला पायपुसण्यावरच्या डागावरून कळलं. मधुमेह असेल तर न दुखणाऱ्या पायाच्या भरवशावर राहू नका. रोज रात्री तळवे आरशात बघा, आणि साधी चीर दिसली तरी डॉक्टरांना दाखवा.