आंबेनळीची बारीक हिरवळ

पोलादपूर सोडलं की आंबेनळी घाट सुरू होतो. महाबळेश्वरला आम्ही याच रस्त्याने कितीतरी वेळा गेलो असू, पण लक्ष असायचं ते धबधब्यांकडे, प्रतापगडच्या फाट्याकडे आणि मुलांच्या मक्याच्या कणसाकडे. रस्त्याला खेटून उभ्या असलेल्या ओल्या कातळाकडे या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा पाहिलं, तेही भाचीमुळे. ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. फजरची नमाज पढून निघालो आणि चाळीसेक किलोमीटरच्या रस्त्याला आम्हाला पाच तास लागले. दर वळणावर तिचं एकच, "खालू, जरा गाडी बाजूला घ्या ना." खालू बिचारे घेत राहिले.

निघताना माझ्या डोक्यात दुसराच विषय होता. आमच्या गावच्या मशिदीत हौजाच्या पायऱ्यांवरून एक वयस्कर चाचा घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं. मग ठरलं, की पायऱ्या आणि त्यासोबत मागची जांभ्याची जुनी भिंतही ॲसिडने धुऊन काढायची आणि भिंतीला सिमेंटचा गिलावा द्यायचा. मला ते योग्यच वाटलं होतं. शेवाळ ते शेवाळ, त्यात जपण्यासारखं काय?

"खाला, पायरीवरचं बुळबुळीत ते शेवाळ. भिंतीवरचं ते वेगळं," भाची पहिल्याच थांब्यावर म्हणाली आणि हातात भिंग दिलं. शाळेच्या पुस्तकात 'वनस्पतिसृष्टीचे उभयचर' म्हणून एक धडा असायचा, फ्युनारिया, रिक्सिया, मर्केंशिया. आम्ही तो पाठ केला आणि विसरलो. भिंगातून पाहिलं तर कातळावर अख्खं जंगल उभं होतं. नखाएवढ्या झुपक्यात शेकडो रोपं, प्रत्येकाला पानं, काहींच्या डोक्यावर केसासारख्या देठावर झुकलेली बोंडं. हे मॉस. त्याच्या शेजारी दगडाला चपटं चिकटलेलं, कातडीच्या तुकड्यासारखं दिसणारं ते लिव्हरवर्ट. त्याचा आकार काळजासारखा, म्हणजे यकृतासारखा, म्हणून ते नाव. सुबहानअल्लाह म्हणायचं तर आपण सूर्यास्ताला म्हणतो. मी त्या दिवशी घाटातल्या गटाराकाठी उकिडवी बसून म्हटलं.

या रोपांना खरी मुळं नसतात आणि पाणी वर चढवणाऱ्या नळ्याही नसतात. अंगावर पडेल ते पाणी सगळ्या अंगाने प्यायचं आणि पाऊस गेला की वाळून पडून राहायचं. भाचीने फेब्रुवारीत गोळा केलेली वर्तमानपत्राची एक पुडी सोबत आणली होती. आत चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी. बाटलीच्या झाकणाने त्यावर पाणी घातलं आणि आमच्या डोळ्यांदेखत मिटलेली पानं उघडून हिरवी झाली. सहा महिने कागदात पडलेलं! खालूंनी गाडीचं इंजिन बंद केलं ते तेव्हा.

पण एवढी चिवट जात दुर्मीळ कशी होते? उत्तर ऐकून मी गप्प झाले. काही जातींत नर रोप वेगळं आणि मादी रोप वेगळं असतं. नराचं बीज मादीपर्यंत पोहत जातं, म्हणजे मध्ये पाण्याचा सलग थर हवा. रस्ता रुंद करताना सावलीचं झाड गेलं, कातळ उन्हात आला किंवा दोन झुपक्यांमधला दगडच फोडला, तर उरलेला झुपका वर्षानुवर्षं हिरवा दिसतो, पण त्याला बोंड धरत नाही. पाहणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे.

काही लिव्हरवर्ट तर घनदाट झाडीत दुसऱ्या झाडांच्या पानांवरच राहतात. वरचं छत विरळ झालं आणि हवा कोरडी पडली की ती आधी जातात. सड्यांवर रिक्सियासारख्या जाती पावसाच्या थोड्या आठवड्यांत उगवून, बीजाणू मातीत सोडून संपतात. मे महिन्यात प्लॉट बघायला आलेल्या माणसाला तो सडा ओसाडच दिसणार.

युरोपातल्या जवळजवळ अठराशे जातींची तपासणी होऊन २०१९ साली त्यांची लाल यादी निघाली. त्यात पाचातल्या एकीहून अधिक जाती धोक्यात आढळल्या. आपल्याकडे वाघाची गणती होते, पण या रोपांची अशी संपूर्ण यादी नाही. पश्चिम घाटाची ३९ ठिकाणं २०१२ साली जागतिक वारशात गेली. महाबळेश्वर-पाचगणी तर २००१ पासूनच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्यामुळे जंगलासोबत यांनाही आडोसा मिळतो, पण नावानिशी नाही. एखादी जात कुणी एकदाच, एकाच कड्यावरून गोळा केलेली असते. ती आज आहे की गेली हे सांगायला कुणीतरी पुन्हा त्याच कड्यापाशी गुडघे टेकून बसावं लागतं. माझ्या मते इथे पैशापेक्षा अशा माणसांची टंचाई मोठी आहे.

पुढे एका वळणावर दरडीचा जुना ओरखडा दिसला. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्याच सुमारास महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं. आम्ही खाली उतरून थोडा वेळ उभे राहिलो, मरहूमांसाठी दुआ केली. ओरखड्यावर झुडूप एखाददुसरंच, पण उघड्या दगडावर हिरवा पातळ हात फिरलेला होता. मातीचा पहिला कण धरून ठेवणारे हेच, असं भाची म्हणाली.

शेवटी एका ओल्या कपारीत तिने वाकायला लावलं. अंधारात काहीतरी पिवळट हिरवं चमकत होतं. सायथोडियम. ते स्वतः उजळत नाही, आत येणारा किंचित प्रकाश परतवतं. बोट लावू दिलं नाही तिने.

परत आल्यावर जुम्म्यानंतर ती आणि खालू मशिदीच्या लोकांशी बोलले. पायऱ्यांवर वाद नव्हताच. त्या त्याच संध्याकाळी काथ्याच्या ब्रशने घासून झाल्या, बाजूला धरायला लोखंडी पाइपही लागला. भिंतीबद्दल मात्र दोन मतं पडली. एक बुजुर्ग म्हणाले, अल्लाहच्या घराची भिंत स्वच्छ दिसली पाहिजे. भाची म्हणाली, "नाना, ही घाण नाही," आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, बोलले काहीच नाहीत. भर पावसात गिलावा धरणार नाही, असं गवंड्याने सांगितल्यामुळे काम तूर्त थांबलं आहे.

तोवर असरच्या आधी पोरं भिंतीपाशी रांग लावतात. भिंग एकच आहे, त्यावरून भांडणं होतात. भाचीने भिंतीवर आतापर्यंत सहा जाती मोजल्या. त्यातली एक तिला ओळखता आली नाही, ती पुडीत घालून ती पुण्याला घेऊन गेली आहे.