आजोबांचं धोतर

पावसाळ्यात आमच्या कोकणातल्या घरी आजोबांचं धोतर पडवीतल्या वलणीवर वाळत पडे. वलणीच्या वर एकुलता एक बल्ब. मृगाच्या पहिल्या सरींनंतर वाळवीचे पंखवाले थवे आदळू लागले की आजी दिवा घालवायला लावी, नाहीतर आमटीत पंखच पंख. पण ते एकदोन दिवसांचं. एरवी दिवा चालू असे आणि सकाळपर्यंत धोतरावर कायकाय येऊन बसलेलं असे. आम्ही सगळ्यांनाच पाखरं म्हणायचो.

एका रात्री तिथे माझ्या तळहाताएवढं तपकिरी पाखरू येऊन बसलं. पाठीवर चक्क कवटी. आजोबांनी पंचाच्या टोकानं हलकेच ढोसलं, तर ते ओरडलं. उंदराच्या पिल्लासारखं, चीं चीं. आजी उठून देवापाशी गेली. आजोबा मात्र वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याला बोलता येतं गो!" मी नाव विचारलं. "त्यालाच विचार की. बोलतोय तर सांगेल."

मी आठ वर्षांचा होतो. त्यानं सांगितलं नाही.

आजोबा गेल्यावर त्यांच्या धोतरांची घरात वाटणी झाली. बहुतेकांची बाळाची दुपटी झाली, काही फडक्यांत गेली. एक आईबरोबर पुण्याला आलं आणि चक्का बांधायच्या कामी लागलं. पाखरं मी विसरून गेलो होतो. ती परत आली नोकरी लागल्यावर, तीही आधी दिवसाची: रविवारी सकाळी टेकडीवर फुलपाखरं बघत हिंडणाऱ्या मंडळींमुळे. बँकेतले एक काका, एक शाळेतल्या बाई, दोनतीन कॉलेजची पोरं. पोरांपैकी एकाच्या पिशवीत कृष्णमेघ कुंटे यांचं द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवरचं पुस्तक, २००० सालचं, पानं सुटी झालेलं.

पहिल्याच महिन्यात मी रुईपाशी एक नारिंगी फुलपाखरू पाहून रुबाबात म्हणालो, "प्लेन टायगर." बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मागच्या पंखावरचे ठिपके मोजा." प्लेन टायगरला तिथे मधोमध तीनचार काळे ठिपके असतात. माझ्या फुलपाखराला ते नव्हते. ती छोट्या चांदव्याची मादी होती. प्लेन टायगरची अळी रुई खाते, रुईचं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. चांदव्याच्या मादीकडे विष नाही, फक्त वेष आहे. नर बिचारा काळा, पंखांवर पांढरे चांदवे. सोंग फक्त बायकोनं घ्यायचं. कॉमन मॉरमनमध्येही तसंच, आणि तिथे तर माद्यांची तीन रूपं. त्यांचं हे वेषांतर डबलसेक्स नावाचं एकच जनुक ठरवतं, हे कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं. सोंगाची सगळी पेटी एका किल्लीवर. मला त्या दिवशी पक्ष्यांबद्दल आपुलकी वाटली. मीही फसलोच होतो.

फुलपाखरांचं त्या मानानं बरं आहे. भारतात ती तेराशेच्या आसपास, पुस्तकं भरपूर, आणि मराठीत हळदीकुंकू, हबशी अशी नावं. ब्लू मॉरमनला तर २०१५ मध्ये महाराष्ट्रानं राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. पतंगांच्या जाती दहा हजारांच्या वर, पण त्यांना मान नाही. नावही धड नाही: 'आज पतंग बघायला चाललोय' म्हटलं की सोसायटीतली मुलं मांजा विचारतात.

तरी मी तिकडे ओढला गेलो, आणि धोतर त्याच वेळी उपयोगी आलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, पतंगांच्या सप्ताहात, आम्ही काहीजण आंबोलीला जातो. पडद्याला पांढरं कापड लागतं, लांबरुंद आणि मऊ. मी आईकडे धोतर मागितलं. "ने, पण मग श्रीखंड विसर," आई म्हणाली. कौलांच्या आडोशाला दोरी बांधली, धोतर टाकलं, समोर मर्क्युरीचा दिवा. बाहेर आंबोलीचा पाऊस, त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. आईच्या साबणातल्या कसल्याशा पावडरीमुळे धोतर जांभळट उजळलं. आजोबांनी ते तसलं कधी नेसलं नसतं.

आठच्या सुमाराला बारीकसारीक मंडळी येते. पंख अगदी सपाट पसरून, कापडावर छापल्यासारखे बसणारे जिओमेट्रिड. मध्यरात्रीनंतर मोठे. एकदा दीड वाजता अ‍ॅटलास आला आणि सगळे गप्प झाले. त्याला खायला तोंडच नसतं. अळीच्या जन्मात खाल्लेल्यावर जेमतेम आठवडाभर जगायचं. मग कुजबुज सुरू होते: "आयडी मिळाला?" बहुतेक वेळा मिळत नाही. हॅम्पसननं १८९२ ते १८९६ मध्ये इथल्या पतंगांवर चार खंड लिहून ठेवले, तरी असंख्य पतंग नुसत्या फोटोवरून ओळखता येतच नाहीत, पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. मग प्रजातीचं नाव लिहायचं आणि पुढे 'एस. पी.'. आमच्यात विनोद आहे की इतके एस. पी. पोलीस खात्यातसुद्धा नसतील. नवखे यानं हिरमुसतात. बँकेतले काका मात्र एस. पी. लिहिताना जास्त खुशीत दिसतात.

उजाडण्याआधी पडदा झाडायचा असतो. नाहीतर दयाळ येतो, आणि त्याला आयडी लागत नाही.

कवटीवाल्याचं नाव मला एव्हाना कळलंय, म्हणजे अर्धंच. अ‍ॅकेरोंशिया. हा मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो आणि सोंडेतून हवा ओढून चींची करतो. आपल्याकडे त्याच्या दोन जाती, स्टिक्स आणि लॅकेसिस. फरक पोटावरच्या निळसर पट्ट्यात आणि मागच्या पंखांच्या बुडाशी असलेल्या काळ्या रंगात. पण त्या रात्री त्यानं पंख मिटलेले होते. मागचे पंख, पोट, सगळं झाकलेलं. मला दिसली ती कवटी, ऐकू आलं ते ओरडणं, आणि आठवतो तो वाकलेल्या आजोबांचा पंचा. आईला विचारलं, तिला आजी घाबरलेली आठवते.

गेल्या आंबोलीला वहीचं पहिलं कोरं पान भरलं. तारीख: आषाढ, नक्की नाही. वेळ: जेवणानंतर. जागा: आजोबांचं धोतर. नाव: अ‍ॅकेरोंशिया एस. पी.