नाणेघाटाच्या वाटेवर बिचकणारी गाडी

जुन्नर तालुका म्हणजे लेण्यांचा तालुका. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी अशा आजूबाजूच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव सुमारे ७५ किलोमीटर आणि तिथून डावीकडे वळले की १५ किलोमीटरवर जुन्नर. एवढ्या जवळ असूनही आपली माणसे कार्ले, वेरूळ, अजिंठा पाहतात आणि जुन्नर राहून जाते. आम्ही दोन घरची सात माणसे दोन दिवस काढून निघालो. सोबत आमची सत्तरीतली मावशी, दोन शाळकरी मुले आणि दोघांत मिळून घेतलेली जुनी व्हॅन.

पहिल्या दिवशी लेण्याद्री झाले. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पण मावशी बसत उठत वर आल्या. तीसेक लेण्यांची रांग आहे. सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे आणि ते कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या माणसाने दान दिल्याचा लेख तिथे कोरलेला आहे. जुन्नरच्या लेखांत कामकऱ्यांचीही नोंद सापडते. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचा लेख आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचाही आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना. दोन हजार वर्षांपूर्वी बुरुडांच्या संघटनेवर लोक पैसा ठेवायला विश्वासत होते, हे मुलांना सांगताना आम्हालाच बरे वाटले.

कल्याणचा माणूस इथे दान द्यायला आला कोणत्या वाटेने? नाणेघाटाने. म्हणून दुपारी गाडी तिकडे काढली. जुन्नरपासून हे अंतर तीसेक किलोमीटर, आपटाळे, चावंडच्या बाजूने घाटघरला जायचे. एका बाजूला माणिकडोह धरणाचे पाणी दिसत राहते. आम्ही गेलो तेव्हा मध्येच डांबर उखडलेले, कडा खचलेल्या, कुठे नुसती खडी.

नाशिक रस्त्यावर सत्तरच्या वेगाने सरळ पळणारी गाडी इथे वीस-पंचवीसच्या वेगात बिचकायला लागली. डावे चाक खड्ड्यात उतरले की गाडी झटकन डावीकडे ओढायची, सावरावे तर तेवढ्याच झटक्याने उजवीकडे. हातातले स्टिअरिंग सतत वळवळते. पलीकडे धरणाचे पाणी आणि मागे पोरे गाणी म्हणत बसलेली. गाडी चालवणारे आमचे दादा भोसरीच्या कारखान्यात फिटर आहेत. त्यांनी एक सपाट जागा बघून गाडी उभी केली आणि म्हणाले, "मावशी, जरा झाडाखाली बसा. गाडीचं काय दुखतंय ते बघू."

त्यांनी ज्या क्रमाने पाहिले तो क्रम इथे सविस्तर देतो. आपल्या बऱ्याच घरांत आता जुनी का होईना चारचाकी आली आहे.

पहिली हवा. दारावरच्या चिठ्ठीत पुढच्या चाकांना ३० पाउंड लिहिलेले आणि दादांच्या खिशातल्या मीटरवर ४० दाखवत होते. सकाळी पंपावरच्या मुलाने माणसे जास्त आहेत म्हणून स्वतःच्या मनाने भरली होती. अशी टणक चाके खड्डा गिळत नाहीत, त्यावरून उडतात. मात्र चालून तापलेल्या टायरमध्ये हवा मुळातच तीन-चार पाउंड वाढलेली दिसते, म्हणून दादांनी ती ३० पर्यंत न उतरवता ३४ वर ठेवली. खरे माप सकाळी गार टायरचे. शंभर पावले चालवून पाहिले. उड्या कमी झाल्या, ओढणे तेवढेच.

मग टायरवरून तळहात फिरवला. आतून बाहेर गुळगुळीत आणि बाहेरून आत करवतीसारखे लागले. पुढची दोन चाके एकमेकांना नीट समांतर नसली की असे झिजते. गंमत म्हणजे महिन्यापूर्वीच एका गॅरेजात अलाइनमेंट करून घेतली होती, पैसेही मोजले होते. सांधे ढिले असताना केलेली अलाइनमेंट म्हणजे डुगडुगणाऱ्या टेबलावर वजनकाटा मांडण्यासारखे आहे. तिथल्या माणसाने गाडीखाली डोकावण्याचे कष्ट घेतले नव्हते.

त्यानंतर मागच्या चाकांना दगड लावून पुढचे डावे चाक जॅकवर उचलले. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरायचे नाही, हे मुलांना दोनदा बजावले. चाक वर-खाली धरून हलवले तर घट्ट. तिथे खेळ असता तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. अशा वेळी दुसऱ्याने ब्रेक दाबून धरायचा, खेळ गेला तर बेअरिंग आणि राहिला तर बॉल जॉइंट. आता डावी-उजवीकडून धरून हलवले, तर कट् कट् आवाज. टाय रॉड एंडमध्ये खेळ. चाक खाली उतरवून वहिनींना स्टिअरिंग थोडे थोडे इकडे तिकडे हलवायला सांगितले. दादांनी बाहेरून वाकून टॉर्च मारला. स्टिअरिंगचा दांडा हलतो, पण चाक जरा मागाहून हलते. वर लोअर आर्मच्या बुशचे रबर फाटलेले दिसले.

हमरस्त्यावर हे का कळले नाही? तिथे चाक फारसे वर-खाली होतच नाही. खड्ड्यात मात्र चाक खोल उतरते आणि फाटक्या बुशमुळे आर्म मागे सरकतो. आर्म सरकला की चाकाचे तोंड आपोआप फिरते. ड्रायव्हरने काही न करता गाडीच वळते. टाय रॉड एंड अगदी निखळला तर ते चाक स्टिअरिंगचे ऐकायचे बंद होते. धरणाच्या काठी तसे झाले तर पुढचे बोलायला नको.

वाद झाला. घाटघर आता दहा-बारा किलोमीटर राहिले होते आणि मुलांनी तोंडे पाडली. मावशींनीच निकाल दिला, "घाट दोन हजार वर्षं थांबलाय, उद्यापर्यंत थांबंल." बायका-मुलांना मागून आलेल्या जीपने जुन्नरला पाठवले आणि दादा एकटे पंधराच्या वेगाने गाडी घेऊन परत आले.

दुसऱ्या दिवशी जुन्नरच्या एका छोट्या गॅरेजात मिस्त्रींनी गाडी स्टँडवर घेतली, टाय रॉड एंड आणि दोन्ही बाजूंचे बुश बदलले. जुना एंड काढण्याआधी त्यांनी आटे मोजले आणि नवा तितकेच आटे फिरवून बसवला, म्हणजे चाक पूर्वीच्याच जागेच्या आसपास राहते. बुशचे नट मात्र गाडी जमिनीवर उतरवूनच शेवटचे आवळले. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि लवकर फाटते. ही गोष्ट घाईत बरेच जण टाळतात.

अकराला पुन्हा तोच रस्ता. तेच खड्डे, पण आता गाडी धक्का खाऊन सरळ पुढे जायची. मावशी पुढच्या सीटवर झोपल्यासुद्धा.

नाणेघाटात रस्ता संपतो आणि सह्याद्रीची भिंत तुटून खाली कोकण दिसते. दगडी खिंडीतून पायऱ्यांची वाट वैशाखऱ्याकडे उतरते. बाजूच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. त्यातले आकडे भारतातल्या अगदी जुन्या लिखित आकड्यांत मोजले जातात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज वर नावे आणि खाली पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. वर एक भला मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असे सांगतात. धाकट्याने आत डोकावून पाहिले. आत पाणी आणि प्लॅस्टिकची बाटली होती. बाटली आम्ही काढून आणली.

घरी परतल्यावर यंत्रावर अलाइनमेंट करून घेतली, या वेळी सांधे आधी हलवून दाखवायला लावले. जुन्नरात तुळजा लेण्यातला बारा खांबांचा गोल चैत्य पाहायचा राहिला आहे. डिसेंबरात पुन्हा जायचे ठरले आहे आणि मावशींनी पुढची सीट आत्ताच मागून ठेवली आहे.