उतरताना चढ आठवावा

उन्हाने होरपळणाऱ्या आपल्या वऱ्हाडाच्या उशाला मेळघाटचे अरण्य आहे. हे मूळचे सागाचे, पानगळीचे वन. वैशाखात ते उघडेबोडके दिसते. श्रावणात मात्र सदाहरित वनाचा भास होतो. १९७३-७४ साली देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत त्याचा समावेश झाला. शतकाहून अधिक काळ नामशेष मानलेला आणि १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा गवसलेला रानपिंगळा येथेही नांदतो.

गेल्या श्रावणात आम्ही काही स्नेही परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्यास गेलो. भीमकुंडाचा धबधबा कठड्यावरून पाहिला. दुसऱ्या सकाळी रीतसर परवानगी घेऊन, एका कोरकू वाटाड्यासह रानातील एका लहान धबधब्याकडे उतरलो. मध्येच वाटाड्या थबकला. दरीतून भेकराचे भुंकणे आले, पाठोपाठ वानराचा खाकरा. ‘‘काहीतरी फिरते आहे,’’ एवढेच तो म्हणाला. आम्हाला काहीच दिसले नाही. धोका दिसण्याआधी रान तो कळवते, हे मात्र उमगले.

धबधब्यापाशी तासभर रमलो. परतीचा चढ अर्ध्यावर आला आणि वाटाड्या हलकेच म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, तुमचे मित्र बोलेनासे झाले.’’ मागे वळून पाहिले. माझे मधुमेही स्नेही घामाने डबडबले होते, हात थरथरत होते, उत्तरे असंबद्ध येत होती. सकाळची गोळी त्यांनी घेतली होती. न्याहारी मात्र घाईत राहिली होती. वैद्य मी होतो, आणि निघताना विचारायचे मीच विसरलो होतो.

त्यांना खाली बसवून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांत ते सावरले. मग बिस्किटे खाऊ घातली आणि सावकाश वर आलो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने उपाशीपोटी चढ चढला, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड किंवा अबोलपणा ही तिची लक्षणे. साखर देऊन पंधरा मिनिटांत आराम न पडल्यास ती पुन्हा द्यावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. छातीत दडपण जाणवले, तर तो ‘चढाचा दम’ समजून पुढे चालू नये. तेथेच थांबून मदत मागवावी.

मेळघाटात अवश्य जा. निघण्याआधी पोटभर न्याहारी करा, साखरेची पुडी खिशात ठेवा आणि मधुमेहींनी सहलीतील औषधांविषयी आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे. धबधब्याची वाट उताराची असते. खरी परीक्षा परतीला होते. म्हणून खाली उतरतानाच निम्मी शक्ती राखून ठेवा, आणि बरोबरच्यांपैकी कोणी एकाएकी गप्प झाले, तर त्याची विचारपूस करा. भेकराचे भुंकणे वाटाड्याने ऐकले, तसेच माझ्या मित्राचे मौनही त्यानेच आधी ऐकले.