केंटनची परसबाग आणि नंद मणियाराची पुष्करिणी

हॅरो, केंटन, वेम्बली ही नावे आपल्या समाजातील अनेक घरांना आता परकी राहिलेली नाहीत. कोणाची लेक तेथे नांदते आहे, कोणाचा भाचा औषधांचे दुकान चालवतो आहे. १९६० व ७० च्या दशकांत केनियातून तेथे गेलेल्या ओसवाल कुटुंबांमुळे वायव्य लंडनच्या या भागात पर्युषणात आपल्याकडच्यासारखीच वर्दळ असते. परंतु देरासर, मिठाईची दुकाने आणि साड्यांच्या पेढ्या यांखेरीज या उपनगरांचे आणखी एक अंग आहे. ते घरांच्या मागे असते, म्हणून पाहुण्यांच्या दृष्टीस सहसा पडत नाही.

ही घरे बहुतांशी दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली, आगगाडीच्या रुळांबरोबर वाढत गेलेली. दोन-दोन घरे एका भिंतीने जोडलेली. पुढे चार पावलांचे अंगण, मागे लांबट पट्ट्यासारखी बाग, आणि दोन बागांमध्ये लाकडी फळ्यांचे कुंपण. गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस पुतणीकडे मुक्काम असताना शेजारच्या बागेतले तळे पाहण्याचा योग आला. तळे कसले, आपल्याकडच्या अंगणातल्या हौदाएवढेच ते पाणी! पण त्यात त्या सकाळी बेडकांच्या अंड्यांचे पुंजके तरंगत होते. भिजवलेला सब्जा दिसावा तशा त्या गोळ्या, प्रत्येकीत एक काळा ठिपका. एका मादीच्या पुंजक्यात दोन हजारांपर्यंत अंडी असू शकतात, आणि त्यांतून पूर्ण वाढ होईपर्यंत टिकणारे बेडूक बोटांवर मोजण्याइतके.

एके काळी इंग्लंडच्या खेड्यांत शेताशेताला तळे असे. कोठे गुरांना पाणी पाजण्यासाठी खोदलेले, कोठे शेतात घालण्यासाठी चुनखडीची माती काढून उरलेला खड्डा. पुढे नळ आले, गुरांची जागा यंत्रांनी घेतली, आणि रान सलग करण्यासाठी तळी बुजवली गेली. विसाव्या शतकात त्या देशातली सुमारे निम्मी तळी नाहीशी झाली. उरलेल्यांपैकी कित्येकांत खतांचे पाणी उतरले. आपल्याकडील आड आणि बारवांचा इतिहास ज्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कथा वेगळी सांगायला नको. फरक इतकाच, की तेथे बेडकाला दुसरा आसरा मिळाला, आणि तो घरामागच्या बागांत मिळाला.

शेजारीणबाई वयोवृद्ध, निवृत्त शिक्षिका. ‘‘यात काय काय आणून सोडले?’’ असे विचारताच त्या म्हणाल्या, ‘‘काहीच नाही.’’ हे उत्तर मला विलक्षण वाटले. चाळीस वर्षांपूर्वी यजमानांनी खड्डा खणला, पावसाचे पाणी साठू दिले आणि हात आखडता घेतला. बाकीचे सारे आपण होऊन आले. मासे सोडायचे नाहीत, कारण ते बेडूकमासे गिळतात. नळाचे पाणी ओतायचे नाही. त्यातील क्षारांनी शेवाळ माजते. दुसऱ्या तळ्यातली अंडी कौतुकाने उचलून आणायची नाहीत, कारण त्यांबरोबर रोग येतो. १९८० च्या दशकापासून आग्नेय इंग्लंडमध्ये एका विषाणूने बेडूक मोठ्या संख्येने मारले आहेत. बाजारातली दिसायला सुंदर पाणवनस्पतीही विचारपूर्वकच आणावी. पसरून पाणी गुदमरवणाऱ्या अशा पाच जातींची विक्री इंग्लंडने २०१४ पासून बंद केली. (आपल्या नद्यांवरची जलपर्णी पाहणाऱ्याला या बंदीचे मोल कळेल.) तळे खोल नको. काठ परातीच्या कडेसारखा हळूहळू उतरता हवा, कारण बहुतेक जीव त्या वीतभर पाण्यातच राहतात आणि चुकून पडलेल्या प्राण्याला त्याच उतारावरून बाहेर येता येते.

डासांचे काय, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात येईल. आपल्याकडे साठलेल्या पाण्यातून डेंग्यू येतो आणि नगरपालिका नोटीस देते, ते योग्यच आहे. जिवंत तळ्यात मात्र चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात.

पुतणीच्या सासूबाई, ज्यांना सारे घर ‘बा’ म्हणते, नेमक्या याच मुद्द्यावर अडल्या होत्या. पुतणीच्या मुलांना आपल्या बागेतही तळे हवे होते आणि बांनी दोन वर्षे परवानगी दिली नव्हती. त्या मला म्हणाल्या, ‘‘भाई, माती खणायची म्हणजे आरंभ. आणि मग त्या पाण्यात एक जीव दुसऱ्याला खाणार. ज्या घरात पाणी गाळून पितात, त्या घराने हे मांडून ठेवायचे?’’

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्ञाताधर्मकथेतील नंद मणियाराची कथा आपण पाठशाळेत ऐकलेली असते. राजगृहाचा हा धनाढ्य श्रावक उपवासात तहानेने व्याकुळ झाला आणि लोकांसाठी पाणी बांधणारे धन्य, असे त्याच्या मनात आले. श्रेणिक राजाच्या अनुमतीने त्याने पुष्करिणी बांधली. चारी बाजूंना उद्याने, चित्रसभा, पाकशाळा, रुग्णालय. लोक वाखाणू लागले, तसा त्याचा जीव त्या पाण्यात गुंतत गेला, आणि मरणानंतर तो त्याच पुष्करिणीत बेडूक होऊन जन्मला. पुढे जातिस्मरण होऊन भगवंतांच्या दर्शनाला निघालेल्या त्या बेडकाचा वाटेत घोड्याच्या पायाखाली अंत झाला आणि तो देवगतीला गेला. दिगंबर परंपरेत तोंडात फूल धरून निघालेला बेडूक हत्तीच्या पायाखाली येतो. या कथेत दोष पुष्करिणीला दिलेला नाही, ‘माझी’ म्हणण्याला दिला आहे, असे मी बांना सुचवून पाहिले. त्यांना ते पटल्यासारखे दिसले नाही.

पुढच्या आठवड्यात एका ओल्या, उबदार संध्याकाळी जावईबापू आम्हाला शहराबाहेरच्या एका रस्त्यावर घेऊन गेले. भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा तो मोठा बेडूक, ज्या तळ्यात जन्मला त्याच तळ्याकडे प्रजननासाठी दर वसंतात परततो, आणि मधे रस्ता आला तरी वाट बदलत नाही. लंडनच्या नैर्ऋत्येला हॅम येथे तर या दिवसांत भेकांसाठी एक रस्ता वाहनांना बंद ठेवतात. आम्ही गेलो तेथे रस्ता चालू होता. चमकणारी जाकिटे घातलेले सात-आठ स्त्रीपुरुष विजेरी आणि बादल्या घेऊन उभे होते. भेक उचलायचा, बादलीत ठेवायचा, ज्या दिशेला त्याचे तोंड होते त्याच बाजूला पलीकडे नेऊन सोडायचा. चिरडलेलेही बरेच होते. बा गाडीतून उतरल्या नाहीत. काच खाली करून पाहत राहिल्या आणि एकदाच म्हणाल्या, ‘‘श्रेणिकाचा घोडा.’’

ते लोक प्रत्येक रात्री किती नेले आणि किती मेले हे वहीत मांडतात. आपल्या पेढीवरचा रोजमेळच तो. देशभरातल्या अशा स्वयंसेवकांच्या तीस वर्षांच्या नोंदी एकत्र करून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ब्रिटनमधील भेकांची संख्या त्या काळात सरासरी ६८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. रोजचा हिशेब ठेवला नसता, तर ही तूट कोणाला दिसलीही नसती. आपल्या गावात पहिल्या पावसात रात्रभर ओरडणारे बेडूक किती उरले, याची वही मात्र कोणी ठेवलेली नाही. भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात चाले, ती १९८७ साली बंद झाली, हे आज आपल्या तरुण व्यापाऱ्यांना ऐकूनही माहीत नसते.

कुंपणाच्या तळाशी एक चौकोनी भोक पाहिले, तेरा सेंटिमीटर लांब-रुंद. ते हेजहॉगसाठी. साळिंदराचा धाकटा भाऊ वाटावा, पण त्याच्याशी नाते नसलेला हा काटेरी प्राणी एका रात्रीत अनेक बागा फिरतो. कुंपणे अखंड झाली, तशी त्याची उपासमार झाली. २०२० साली त्याचे नाव ब्रिटनच्या धोक्यातील सस्तन प्राण्यांच्या यादीत गेले. मी होतो तेव्हा तो थंडीच्या झोपेत होता. त्याला दूध ठेवण्याची जुनी रीत होती, पण दूध त्याला पचत नाही. त्याच्यासाठी उथळ भांड्यात नुसते पाणी ठेवावे. जीवदया करणाऱ्याला पुष्कळदा काही तरी द्यावेसे वाटते. येथे मात्र बहुतेक वेळा काही न देणे, न आणणे, न हलवणे हेच सांगितले जाते, आणि ते अधिक अवघड आहे.

माझ्या मुक्कामातच कळले, की शेजारीणबाई घर विकून मुलाकडे राहायला जाणार. घेणारे गृहस्थ आपल्याच समाजातले, किराण्याचे घाऊक व्यापारी. स्वयंपाकघर मागे वाढवायचे, उरलेल्या जागेत फरशी घालायची, असा नकाशा तयार होता. तळे त्या फरशीखाली जाणार होते.

उपासकदशांगात श्रावकाला वर्ज्य असे पंधरा व्यवसाय, म्हणजे कर्मादाने, सांगितली आहेत. दात, लाख, विष यांचा व्यापार आपल्याला आठवतो. सरोवरे आणि तळी आटवणे हेही त्यांत आहे, हे सहसा आठवत नाही. बांना ते तोंडपाठ होते. त्यांनी त्या गृहस्थांच्या आईला फोन लावला. पाऊण तासाच्या त्या संभाषणातली पहिली तीस मिनिटे हालारमधली गावे आणि नाती जुळवण्यात गेली. शेवटी ठरले ते इतकेच: बांधकाम सप्टेंबरच्या आधी सुरू करायचे नाही, कारण नवे बेडूक जून-जुलैत पाणी सोडून जातात. नकाशा बदलला नाही.

त्यानंतर बांनी नातवंडांना परवानगी दिली. बागेच्या टोकाला जुनी लाकडी खोली काढून टाकल्यावर एक खड्डा आधीच पडलेला होता. तोच वापरायचा, नवी माती खणायची नाही, ही त्यांची अट. गेल्या आठवड्यात पुतणीने छायाचित्र पाठवले. पावसाचे आठ इंच पाणी साठले आहे, एका बाजूला विटांचा उतार केला आहे. शेजारच्या तळ्यापासून ते तीस पावलांवर आहे, आणि मधल्या कुंपणाला भोक पाडून झाले आहे.