कितवा महिना?

फोलिक अ‍ॅसिडची स्ट्रिप मागितली तेव्हा केमिस्टने विचारलं, "कितवा महिना?"

मी म्हटलं, "अजून नाही."

तो जरा थांबला. मग काही न बोलता स्ट्रिप कागदी पाकिटात घातली आणि वर स्टेपल मारली.

दोन वर्षांपूर्वी मी आठ आठवड्यांची गरोदर होते, आणि मग नव्हते. ठरवून झालेलं नव्हतं. कळलं तेव्हा सहावा आठवडा उलटून गेला होता. डॉक्टरबाईंनी समजावलं की इतक्या लवकर होणारे बहुतेक गर्भपात गुणसूत्रांतल्या चुकीमुळे होतात, तू जिने चढलीस किंवा पपई खाल्लीस म्हणून नाही. दिवसा मला ते पटायचं. रात्री तीन वाजता नाही पटायचं. तेव्हाच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८.९ होतं आणि थायरॉइडचा आकडाही वर गेलेला. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी ये. निदान तीन महिने आधी."

आधी कशाला, हे मला त्यांनी कॅलेंडरवर दाखवलं. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो, ती गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत बंद होते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. आपण अजून "स्ट्रेसमुळे लांबली असेल" असं म्हणत असतो, तोवर ते काम उरकलेलं असतं. त्यानंतर चाचणी, मग अपॉइंटमेंट, मग गोळी. गोळी चांगलीच असते, पण या एका कामासाठी उशिरा आलेली. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम, गरोदर राहण्याच्या आधीपासून.

या गोळीचं मूळ माझ्या आजोळाजवळ, परळला आहे, हे मला नंतर कळलं. ल्युसी विल्स नावाची ब्रिटिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली. हाफकिन संस्थेत राहून ती गरोदर बायकांच्या अ‍ॅनिमियाचा शोध घेत होती. त्यात गिरण्यांत राबणाऱ्या बायकाही होत्या. तिने त्यांना मार्माइट, म्हणजे यीस्टचा अर्क द्यायला सुरुवात केली आणि त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये तिने हे छापलं. त्या अर्कात नेमकं काय होतं, हे पुढे उलगडलं. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक अ‍ॅसिड म्हणू लागले. मणक्याच्या दोषाशी त्याचा संबंध पक्का व्हायला मात्र १९९१ उजाडलं.

माझी पणजी रीळखात्यात होती. आजी आता नव्वदीला टेकलीय, पण हे विचारलं की तिचा आवाज बदलतो. "आय पांढरीफटक दिसायची. पाळी संपवून आली की उंबऱ्यावरच बसायची, आत यायचं त्राण नसायचं." पाळी म्हणजे गिरणीची पाळी. सात बाळंतपणं, जगले चौघे. बाकी तिघांची नावं ठेवलीच नव्हती. मी कधी पणजीचा फोटो मागितला नव्हता, तो त्या दिवशी मागितला.

आपण त्यातून फार पुढे आलो असं मला वाटायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया आहे. माझा पगार, माझा फ्रिज, माझं फूड अ‍ॅप, सगळं असून मी त्या ५७ मध्येच.

मग टाइमटेबल सुरू झालं. सकाळी उठल्याउठल्या थायरॉइडची गोळी, उपाशीपोटी. लोहाची तिच्यानंतर चार तासांनी, नाहीतर ती थायरॉइडच्या गोळीला शोषूच देत नाही. लोहासोबत लिंबू चालतं, चहा नाही. जेवणानंतरचा चहा सोडणं ही या सगळ्यातली सर्वांत अवघड गोष्ट होती, हे प्रामाणिकपणे सांगते. लोहाने पोट बिघडतं, शौचाला काळी होते, त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. रुबेलाची प्रतिकारशक्ती नाही असं निघालं, म्हणून लस. ती घेतल्यावर एक महिना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. म्हणजे कॅलेंडर अजून पुढे.

या काळात नवऱ्याला कुणीही, काहीही विचारलं नाही. माझी फाइल दोन बोटं जाड, त्याची फाइलच नाही. शेवटी मीच डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे आज ओढलेली सिगरेट अडीच महिन्यांनी हिशेबात येते. त्याने ऐकलं, मान डोलावली आणि तीन आठवडे टपरीवर जातच राहिला. आमचं त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, "मागच्या वेळचं फक्त माझ्या अंगातून गेलं का?" तो रडला. तेव्हा आणि आत्ताही, दोन वर्षांत पहिल्यांदाच. सिगरेट त्या दिवशी सुटली नाही. महिनाभराने सुटली, आणि मध्ये दोनदा परत लागली.

आम्ही घरी कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाई दर रविवारी फोनवर "काही विशेष?" विचारायच्या. गेल्या महिन्यात त्या राहायला आल्या आणि फ्रिजवरची स्ट्रिप त्यांनी पाहिली. त्यांचा चेहरा असा उजळला की मला ओशाळल्यासारखं झालं. "नाही आई, आधीच घेतात ती," म्हटलं, आणि मग मागचंही सांगून टाकलं. त्या बराच वेळ गवार मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याच्या आधी मलाही एक गेलं होतं. तिसऱ्या महिन्यात. तुझ्या सासऱ्यांनाच माहीत होतं फक्त."

हिमोग्लोबिन आता ११.४ आहे. अजून महिना थांबा, असं डॉक्टरबाई म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला त्या महिन्याचं बरंच वाटलं. शरीर तयार होतंय. पण ती काडी हातात धरून दुसरी रेघ उमटायची वाट बघायला मी तयार आहे का, हे कुठल्या रिपोर्टमध्ये येत नाही.

गावी परतल्यावर सासूबाईंनी हळिवाचे लाडू पाठवले. बाळंतिणीचे लाडू, पण त्यांचं म्हणणं, "आत्ताच खा, दिवस गेले की बंद." डब्यात पंधरा होते. चार नवऱ्याने खाल्ले.