रथाची पाचर

वाचकहो, तंजावरचे नाव निघाले की मराठी मनास प्रथम आठवते ते तेथील भोसल्यांचे राज्य. व्यंकोजीराजांनी स्थापिलेले हे राज्य १८५५ पर्यंत टिकले. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा दीर्घ मराठी लेख आजही वाचता येतो. सरस्वती महाल ग्रंथालयाची कीर्ती तर सर्वश्रुतच आहे. परंतु आज मी आपणांस मंदिरात वा ग्रंथालयात नव्हे, तर तंजावरच्या रस्त्यावर नेणार आहे. तेथे पाहिलेली एक लाकडी वस्तू आपल्या नित्याच्या प्रवासात उपयोगी पडावी, असे मला वाटते.

चैत्रोत्सवात बृहदीश्वराचा रथ शहरातील चार राजवीथींतून फिरतो. सुमारे शंभर वर्षे ही प्रथा खंडित झाली होती. २०१५ मध्ये नवा रथ सिद्ध होऊन ती पुन्हा सुरू झाली. मी गेलो त्या दिवशी पहाटेपासूनच माणसांनी दोर हाती घेतले होते. रथ हलताच जो जयघोष झाला, त्याने अंगावर रोमांच उभे राहिले. दोर ओढणारे शेकडो हात साऱ्यांस दिसत होते. चाकांलगत वाकून चालणाऱ्या पाचसहा माणसांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष नव्हते.

त्यांच्या हाती लाकडाच्या जाड पाचरी होत्या. तमिळमध्ये या पाचरीस ‘मुट्टुक्कट्टै’ म्हणतात. अशा रथास सुकाणू नसते. त्याला वळवायचे ते पाचरीनेच. एका बाजूच्या चाकापुढे ती तिरकी सरकविली की चाक तिच्यावरून घसरते आणि रथाचे तोंड फिरते. थांबवायचे झाल्यास ती चाकापुढे आडवी घालावयाची. हे करणाऱ्याचा हात आणि पाय चाकापासून वीतभर अंतरावर असतात. मौज अशी की, तमिळ बोलण्यात ‘मुट्टुक्कट्टै घालणे’ म्हणजे कामात अडथळा आणणे. आपणही ‘पाचर मारली’ असे त्याच अर्थी म्हणतो. ज्या वस्तूमुळे सारी यात्रा सुखरूप घरी परतते, तिला दोन्ही भाषांनी दूषण द्यावे, हा अन्यायच नव्हे काय?

रथ इतका सावकाश का चालतो, असे माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका लहान मुलीने वडिलांस विचारले. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. चालत्या वस्तूतील जोर वजनाच्या पटीत वाढतो, पण वेगाच्या मात्र वर्गाच्या पटीत. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. तंजावरच्या पूर्वेस असलेल्या तिरुवारूरचा प्रसिद्ध रथ घ्या. सजविल्यावर त्याची उंची ९६ फूट आणि वजन सुमारे ३०० टन भरते. तो ताशी १ किलोमीटर वेगाने सरकत असला, तरी त्यात ताशी १७ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एक टनी मोटारीइतका जोर असतो. तोच रथ माणसाच्या सहज चालीने, म्हणजे ताशी ४ किलोमीटर वेगाने निघाला, तर तो जोर ताशी ७० किलोमीटर वेगाच्या मोटारीएवढा होईल. मग लाकडाची पाचर त्याला कशी आवरणार? म्हणूनच तिरुवारूरच्या रथास तिरुचिरापल्लीच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्स कारखान्याच्या साहाय्याने द्रवदाबाचे ब्रेक बसविण्यात आले. तरीही पाचरीचे काम संपलेले नाही.

दुसऱ्या दिवशी भाड्याची मोटार करून मी मल्लिपट्टिणमच्या किनाऱ्याकडे गेलो. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाचे स्मारक म्हणून सरफोजीराजांनी उभारलेला मनोरा तेथे समुद्राकडे तोंड करून उभा आहे. जवळच मासेमारीचे बंदर आहे. माझे चालक प्रौढ वयाचे गृहस्थ होते. तरुणपणी आपल्या गावच्या रथास त्यांनी कित्येक वर्षे पाचर लाविली होती.

परतताना एक मालवाहू गाडी आम्हांस मागे टाकून भरधाव गेली. तिच्यामागे दोनचाकी ट्रेलरवर फायबरची होडी बांधलेली होती. होडीची शेपटी डावी-उजवीकडे झुलत होती. आमच्या चालकांनी ताबडतोब वेग कमी करून अंतर वाढविले. दोनतीन मैलांवर, वळणापाशी, तीच गाडी आम्हांस उभी दिसली. ट्रेलरचे एक चाक रस्त्याखाली उतरले होते आणि होडी कलंडता कलंडता राहिली होती. कोणास इजा झाली नव्हती, पण पलीकडेच शाळेतून सुटलेली मुले घोळक्याने चालली होती. गाडी हाकणारा तरुण डोक्यास हात लावून मैलाच्या दगडावर बसला होता.

आमचे चालक त्याच्यावर रागावले नाहीत. ‘तंबी’, म्हणजे धाकट्या भावा, अशी हाक मारून त्यांनी त्याला आधी पाणी दिले. मग ट्रेलरच्या चाकांना दगड लावून होडीभोवती एक फेरी मारली. दोष लगेच ध्यानात आला. होडीचे इंजिन मागच्या टोकास तसेच लटकत होते, आणि जाळीही मागेच टाकली होती. ओझे आसाच्या मागे गेले की ट्रेलरचा जोखडाकडील भाग हलका होतो, आणि वेग वाढताच तो झुलू लागतो. एकूण भाराचा निदान दहावा हिस्सा तरी जोखडावर पडला पाहिजे. चौघांनी मिळून इंजिन उतरवून गाडीत ठेवले, होडी पुढे ओढली आणि दोर पुन्हा आवळले. ट्रेलर झुलू लागल्यावर त्या तरुणाने घाबरून करकचून ब्रेक दाबला होता. तेथेच घात होतो. पुढची गाडी थांबते, मागचे ओझे थांबत नाही. अशा वेळी सुकाणू सरळ धरून वेग हळूहळू ओसरू द्यावा.

हे ज्ञान केवळ आपल्याकडचे नाही. जर्मनीत ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीस सामान्यतः ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि कॅलिफोर्नियात ५५ मैलांची. तेथील प्रशस्त रस्त्यांवरही ही मर्यादा घालतात. मग आपल्या रस्त्यांवर, जेथे बैलगाडी, सायकल व शाळकरी मुले एकत्र चालतात आणि पुष्कळशा ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकही नसतात, तेथे वेग किती कमी असावा, हे आपणच ठरवावे.

रात्री तंजावरास पोचताना चालकांनी कळिमेडूकडे जाणारा रस्ता दाखविला आणि ते क्षणभर गप्प झाले. शहरालगतच्या या गावात २७ एप्रिल २०२२ रोजी पहाटे रथोत्सवात वळण घेताना रथाचा वरचा भाग उच्चदाबाच्या विजेच्या तारेस लागला आणि ११ जणांनी प्राण गमावले. त्यांत मुलेही होती. तो रथ काही भरवेगाने चालला नव्हता. यावरून एवढेच शिकायचे की, सावकाश जाणे ही सावधपणाची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. निघण्यापूर्वी ओझ्याची उंची, रुंदी, वळणे आणि वरच्या तारा पाहून घेतल्याच पाहिजेत.

वाचकहो, आपणांपैकी कोणी होडी ओढील, कोणी उसाची ट्रॉली, तर कोणी बदलीच्या गावी घरचे सामान नेईल. घरची माणसे पुढे बसलेली असतील आणि ओझे मागे असेल. ‘जरा हळू चालवा’ असे कोणी म्हटले, तर त्यास अडथळा समजू नका. तंजावरच्या रथाशेजारी वाकून चालणाऱ्या त्या माणसांची आठवण करा. दोर ओढण्यास शेकडो हात पुढे येतात. पाचर लावणारे मात्र थोडेच असतात, आणि रथ घरी पोचतो तो त्यांच्यामुळेच.